बहिष्कार आणि शिष्टाई

शताब्दी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली, तेव्हा मला आपल्याच वाचनकक्षात पाहिलेल्या एका पारपत्राची आठवण झाली. ही गोष्ट १९८५ च्या सुमाराची. मी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होतो आणि सुटीच्या दिवशी वर्तमानपत्रे चाळण्याच्या निमित्ताने ग्रंथालयात येऊन बसत असे. आखाती देशात नोकरी लागलेले गावातील एक गृहस्थ आपले नवे कोरे पारपत्र ग्रंथपालांना दाखविण्यासाठी घेऊन आले. पारपत्र ही त्या काळी पांढुर्ण्यात अपूर्वाईची वस्तू होती. साहजिकच ते वाचनकक्षातील प्रत्येकाच्या हातून फिरले. माझ्या हाती आले तेव्हा मला त्यात एक ओळ दिसली. हे पारपत्र जगातील देशांसाठी वैध आहे, दक्षिण आफ्रिकेचे प्रजासत्ताक मात्र वगळून, अशा अर्थाची ती ओळ होती. एवढ्या मोठ्या पृथ्वीवर आपल्या सरकारला हाच देश वगळावासा का वाटला, असे मी विचारले. वयोवृद्ध ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले, "हे आपल्या खरे डॉक्टरांनी लावलेले कुलूप आहे. अजून उघडलेले नाही."

खरे डॉक्टर कोण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे थोडेफार वाचन झाल्यावर कळले की ग्रंथपालांचे म्हणणे पुष्कळसे बरोबर होते, पण अपुरे होते. एका देशाने दुसऱ्याशी व्यापार तोडायचा तर एक हुकूम पुरतो. त्या हुकमाला जगाची साथ मिळवायची तर देशोदेशींच्या दारांत जाऊन शिष्टाई करावी लागते, आणि ती वर्षानुवर्षे करावी लागते. हिंदुस्थानने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला १९४६ साली. असे करणारा तो जगातील पहिला देश. जगाने त्याच्यामागून यावे यासाठी मात्र जवळजवळ चाळीस वर्षे खर्ची पडली. या दीर्घ कथेच्या आरंभी आपल्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील तीन मराठी माणसे उभी आहेत, ही गोष्ट आज आपल्या भागात फारशी कोणाला आठवत नाही. प्रस्तुत लेख त्या तिघांविषयी, आणि विशेषतः त्यांपैकी मधल्याविषयी आहे.

हे तिघे म्हणजे यवतमाळचे लोकनायक माधव श्रीहरी अणे, नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे आणि अमरावतीचे बॅरिस्टर रामराव माधवराव देशमुख. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे एक खाते १९४१ साली निर्माण झाले. ते प्रथम अण्यांकडे आले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी कारावासात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले, आणि सरकार त्यांना मुक्त करीत नाही असे दिसताच अण्यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात त्यांच्या जागी खरे आले. या खात्याचे नाव पुढे राष्ट्रकुटुंब संबंध खाते असे झाले. १९४५ साली दक्षिण आफ्रिकेत हिंदुस्थानचे उच्चायुक्त म्हणून रामराव देशमुख गेले. यवतमाळ, नागपूर आणि अमरावती या तीन गावांच्या माणसांनी चार-पाच वर्षांत एका खंडापलीकडच्या प्रश्नाची सूत्रे हाताळली. हा निव्वळ योगायोग होता, असे मला वाटत नाही. पण तो प्रश्न येथे सोडून देऊ.

खऱ्यांविषयी आपल्या भागात कोणी बोललेच तर १९३८ च्या मंत्रिमंडळाच्या प्रकरणाविषयी बोलतात. ते प्रकरण थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याच्या सावलीत पुढचे सर्व काही झाकले गेले. १९३७ च्या निवडणुकीनंतर मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. खरे मुख्य प्रधान झाले. एका बाजूला नागपूर-वऱ्हाडचे मराठी मंत्री आणि दुसऱ्या बाजूला महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता, अशी फळी पडली. मे १९३८ मध्ये पचमढीला समेट झाला, तो दोन-तीन महिनेही टिकला नाही. जुलैमध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर राजीनामा देणाऱ्यांत रामराव देशमुखही होते. महाकोशलच्या तिघांनी राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नरने त्यांना बडतर्फ करून खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. काँग्रेसश्रेष्ठींच्या दृष्टीने हा शिस्तभंगाचा कळस होता. वर्ध्याच्या बैठकीत खऱ्यांना दोषी ठरविण्यात आले आणि रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींची त्या वेळी मोठी चमत्कारिक अवस्था होती. आपण भाषेने, सोयरिकीने आणि बाजारहाटाने नागपूरकडचे. पण छिंदवाडा जिल्ह्यात असल्यामुळे काँग्रेसच्या विभागणीप्रमाणे महाकोशलचे. त्यामुळे खऱ्यांची बाजू घ्यावी तर जिल्हा रुसतो, शुक्लांची घ्यावी तर नागपूरचे पाहुणे रुसतात, अशी ओढाताण येथील सुशिक्षितांना जाणवली असेल तर नवल नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. आता २०२३ पासून या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे. ती जुनी ओढाताण कागदोपत्री तरी संपली म्हणायची. असो.

खरे यांची ही हकीकत १९३८ ला थांबत नाही. पण पुढच्या भागाकडे वळण्याआधी, बहिष्काराची कल्पना त्यांना सुचण्याच्या कितीतरी आधी एका मराठी माणसाने ती दक्षिण आफ्रिकेवरच वापरून पाहिली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्यास मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला की नाताळ वसाहतीसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर भरती करणे बंद करावे. सरकारने तो मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून भरती थांबली. १८६० पासून सुमारे दीड लाख मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर गेले होते. त्यांच्या घामावर मळे उभे राहिले. करार संपल्यावर मात्र त्यांच्यावर डोईमागे तीन पौंडांचा वार्षिक कर बसविण्यात आला. गोखल्यांचा युक्तिवाद सरळ होता. आमची माणसे हवीत आणि आमच्या माणसांना माणसासारखे वागविणे नको, हे चालणार नाही. या बंदीला जगाच्या अनुमतीची आवश्यकता नव्हती, कारण रोखलेली वस्तू फक्त हिंदुस्थानच्या हाती होती. गोखले १९१२ साली स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, बोथा आणि स्मट्स यांना भेटले, तो कर रद्द होणार अशी समजूत घेऊन परतले. कर रद्द झाला नाही. गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहानंतर, १९१४ साली तो उठला.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. शिष्टाईने दिलेले शब्द कोठे लिहून ठेवलेले नसतील तर ते हवेत विरतात. आणि ज्याच्या हाती केवळ आपल्याकडूनच मिळणारी वस्तू नसते, त्याच्या बहिष्काराला फारशी धार नसते. १९४३ साली खात्याच्या खुर्चीवर बसलेल्या खऱ्यांना या दोन्ही गोष्टींशी गाठ घालावी लागली.

गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे श्रीनिवास शास्त्री १९२७ साली हिंदुस्थानचे पहिले एजंट म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले, ते त्याच वर्षीच्या केपटाउन करारानंतर. या करारामुळे थोडी उसंत मिळाली. पण एप्रिल १९४३ मध्ये तेथील सरकारने कायदा करून डर्बनमध्ये हिंदी आणि गोरे यांच्यातील जमिनीचे व्यवहार तीन वर्षांसाठी गोठविले. खरे मंडळात आले ते त्यानंतर एका महिन्याने. हिंदुस्थान सरकारच्या हाती त्या वर्षीचा परस्परतेचा कायदा होता. ब्रिटिश साम्राज्यातील जो देश आमच्या लोकांवर निर्बंध घालील, त्या देशाच्या लोकांवर येथे तसेच निर्बंध घालता यावेत, अशी ती तरतूद. खऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये तिची अंमलबजावणी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या नागरिकांविरुद्ध केली.

हिंदुस्थानात तसे गोरे नागरिक होते तरी किती? मोजून थोडे. तेव्हा हा बाण लक्ष्याला लागण्यासाठी सोडलेला नव्हताच. पण ज्या साम्राज्यात सर्व वसाहती एकाच राजाच्या प्रजा मानल्या जात, त्या साम्राज्यात एका परतंत्र देशाने एका गोऱ्या वसाहतीला 'जशास तसे' म्हणणे, ही लंडनच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती. काँग्रेसचे पुढारी तेव्हा तुरुंगात होते. व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेल्या खऱ्यांना देशात सरकारधार्जिणे म्हटले जात होते. त्या आरोपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मात्र या खुर्चीवरून त्यांनी जे केले, ते सरकारच्या मर्जीविरुद्ध नसले तरी सरकारच्या सवयीविरुद्ध खास होते.

एप्रिल १९४४ मध्ये प्रिटोरियाला स्मट्स आणि नाताळमधील हिंदी पुढारी यांच्यात एक तडजोड झाली होती, ती वर्षभरही टिकली नाही. १९४६ च्या आरंभी स्मट्स यांनी हिंदी लोकांच्या जमिनीवर आणि वसाहतींवर कायमची बंधने घालणारा कायदा आणण्याचे जाहीर केले; त्याला 'घेट्टो कायदा' हे नाव पडले. गोड म्हणून पुढे केलेली बाजू अशी की हिंदी लोकांना कायदेमंडळात थोडेसे प्रतिनिधित्व मिळेल, पण त्यांचे प्रतिनिधी गोरेच असतील. मार्च १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील हिंदी काँग्रेसचे शिष्टमंडळ सोराबजी रुस्तमजी यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानात आले आणि आगाखानांसह व्हाइसरॉय वेव्हेल यांना भेटले. त्यांची मागणी होती गोलमेज परिषदेची. ती मान्य होत नसेल तर उच्चायुक्तांना परत बोलवावे आणि आर्थिक बहिष्कार घालावा.

या मागणीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. तेथील हिंदी दुकानदारांच्या फळ्यांवर कापड होते हिंदुस्थानचे, मसाले होते हिंदुस्थानचे. व्यापार तुटला तर पहिला फटका त्यांच्याच गल्ल्याला बसणार होता. बहिष्काराने गरिबांचेच हाल होतात, हा युक्तिवाद पुढे लंडन आणि वॉशिंग्टन येथून चाळीस वर्षे ऐकू येत राहिला. ज्यांचे हाल होणार होते, त्यांनीच १९४६ साली तो मागितला, हे त्या युक्तिवादाचे सर्वांत जुने उत्तर आहे. १९५९ साली आफ्रिकन नेते अल्बर्ट लुथुली यांनीही तेच म्हटले.

२५ मार्च १९४६ रोजी हिंदुस्थानने व्यापारी करार संपविण्याची तीन महिन्यांची नोटीस दिली. स्मट्स डगमगले नाहीत. जूनच्या आरंभी घेट्टो कायदा मंजूर झाला. रामराव देशमुखांना परत बोलावण्यात आले. १३ जूनला डर्बनमध्ये डॉ. युसुफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. उंबिलो रोड आणि गेल स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरील मोकळ्या जागेत स्त्री-पुरुष तंबू ठोकून बसत. गोरे टोळभैरव ते तंबू रात्री पाडीत, पोलीस दिवसा अटक करीत. पुढच्या दोन वर्षांत सुमारे दोन हजार लोक तुरुंगात गेले. २२ जून रोजी हिंदुस्थानने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणिसांना पत्र देऊन हा प्रश्न आमसभेपुढे घेण्याची विनंती केली. आणि १७ जुलै १९४६ रोजी व्यापारबंदीचा हुकूम निघाला.

तो हुकूम निघाला तेव्हा खरे पदावर नव्हते. हंगामी सरकारच्या वाटाघाटींसाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच व्हाइसरॉयचे जुने मंडळ मोडले होते, आणि अधिकाऱ्यांचे काळजीवाहू मंडळ कारभार पाहत होते. २ सप्टेंबरला जवाहरलाल नेहरूंचे हंगामी सरकार आले. खऱ्यांचे खाते परराष्ट्र खात्यासह नेहरूंकडे गेले. ज्या पक्षाने आठ वर्षांपूर्वी खऱ्यांना बाहेर काढले, त्याच पक्षाच्या हाती त्यांनी आणून ठेवलेले हत्यार पडले. त्या पक्षाने ते मोडीत काढले नाही, उलट धार लावून वापरले, ही गोष्ट दोघांच्याही बाजूने जमेस धरण्यासारखी आहे.

त्या वेळी हिंदुस्थानच्या एकूण निर्यातीपैकी पाच टक्क्यांच्या आसपास माल दक्षिण आफ्रिकेला जाई. त्यात मोठा भाग तागाच्या गोण्यांचा. दक्षिण आफ्रिकेत मक्याचे पीक अमाप. मका भरायला गोण्या हव्यात आणि गोण्या विणायच्या कलकत्त्याच्या गिरण्यांनी. पांढुर्ण्याच्या बाजारपेठेत आयुष्य घालविलेल्या कोणालाही हंगामाच्या तोंडावर बारदाना मिळेनासा झाला म्हणजे काय होते, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पण भरायचा कशात? गोखल्यांच्या मजुरांनंतर खरोखर लागेल असे हिंदुस्थानच्या हाती दुसरे काही असेल तर ते हे बारदान होते. परंतु बारदान मजुरांसारखे नसते. ते तिसऱ्या देशामार्फत, दुसऱ्याच नावाने, चढ्या भावाने मिळते. आणि एका वर्षातच फाळणी झाली. तागाची शेते पूर्व बंगालमध्ये गेली, गिरण्या कलकत्त्यात राहिल्या. हत्याराची मूठ एकाकडे आणि पाते दुसऱ्याकडे, अशी स्थिती झाली. म्हणून हुकमाच्या पाठोपाठ शिष्टाई करावी लागली, आणि ती न्यूयॉर्कला झाली.

न्यूयॉर्कच्या शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. त्यांचे पती रणजित सीताराम पंडित हे मूळच्या कोकणातील मराठी घराण्याचे. कल्हणाच्या राजतरंगिणीचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि जानेवारी १९४४ मध्ये, कारावासाने खंगून, ते वारले. विजयालक्ष्मीबाई आमसभेत उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या वैधव्याला तीन वर्षेही झाली नव्हती. त्यांच्याबरोबर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आदी मंडळी होती. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी पुढारीही न्यूयॉर्कला पोहोचले होते, आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झुमा स्वतंत्रपणे आले होते.

समोर साक्षात स्मट्स. राष्ट्रसंघाच्या सनदेची प्रस्तावना लिहिण्यात, आणि तिच्यात मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख आणण्यात, याच गृहस्थांचा हात होता. आता ते म्हणू लागले की हा आमचा घरगुती प्रश्न आहे. सनदेप्रमाणे घरगुती बाबींत राष्ट्रसंघाला हात घालता येत नाही. शंका असल्यास आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे. बोलणे कायद्याच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हते. हिंदुस्थानने उत्तर दिले ते दोन पदरी. १९१४ आणि १९२७ च्या समझोत्यांमुळे हा प्रश्न दोन देशांतील बनला आहे, हा एक पदर. आणि माणसाच्या वर्णावरून त्याचे हक्क ठरविणे हा सनदेचाच भंग आहे, हा दुसरा. गोखल्यांच्या वेळी हवेत विरलेले शब्द आता कागदावरून वाचून दाखविता आले.

दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने हिंदुस्थानातील जातिभेदाकडे आणि अस्पृश्यतेकडे बोट दाखविले गेले. हे बोट झोंबणारे होते, कारण ते खोटे नव्हते. हिंदुस्थानच्या बाजूचे उत्तर असे होते की आमच्या समाजात दोष आहेत, पण आम्ही ते कायद्याने नष्ट करू पाहतो. तुम्ही तुमचे दोष कायद्याने पक्के करू पाहता. वादात हे उत्तर पुरेसे होते. आपल्या घरात ते पुरेसे होते काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेल्या ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. ब्रिटन आणि अमेरिका विरुद्ध होते. अशा गंभीर ठरावाला दोन तृतीयांश बहुमत लागते की साधे पुरते, यावरच बराच खल झाला होता. हिशेब करून पाहावा. मत देणारे ४७, त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१ च्या किंचित वर. म्हणजे बत्तिसावे मत विरुद्ध पडले असते तर दोन तृतीयांशाची मर्यादा गाठली गेली नसती. विजयालक्ष्मीबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवडेच्या आठवडे लहानमोठ्या देशांच्या प्रतिनिधींच्या घेतलेल्या भेटी, त्या एका मतात उतरल्या. मुत्सद्देगिरी म्हणजे मोठी भाषणे, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा अशी एकेक दार ठोठावण्याची उस्तवार असते.

निघण्यापूर्वी गांधीजींनी विजयालक्ष्मीबाईंना बजावले होते की काही झाले तरी स्मट्स यांच्याशी हस्तांदोलन करून त्यांचे आशीर्वाद मागावेत. ठराव झाल्यावर त्या स्मट्स यांच्याकडे गेल्या. आपल्याकडून मर्यादा सुटली असल्यास क्षमा असावी, अशा अर्थाचे त्या काही बोलल्या. वृद्ध सेनापतीने त्यांचा हात हाती घेऊन सांगितले, ते असे की तुझा विजय पोकळ आहे. या मतदानाने मी पुढच्या निवडणुकीत पडेन, पण तुमच्या हाती काही लागणार नाही. स्मट्स यांचे पहिले भाकीत दीड वर्षात खरे ठरले. मे १९४८ मध्ये ते पडले आणि मलान यांचा पक्ष सत्तेवर आला. त्यानंतरच्या वर्णद्वेषी कायद्यांपुढे घेट्टो कायदा सौम्य वाटावा.

दुसरे भाकीतही कित्येक वर्षे खरेच वाटत होते. १९४७ च्या आमसभेत हाच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. १९५० साली केपटाउनला प्राथमिक बोलणी झाली आणि त्याच वर्षीच्या समूह वसाहत कायद्याने ती निरर्थक केली. १९५२ पासून हिंदुस्थानने बारा अन्य देशांसह हिंदी लोकांचा प्रश्न ओलांडून एकंदर वर्णद्वेषाचाच प्रश्न पुढे आणला. माझ्या मते ही त्या शिष्टाईतील सर्वांत शहाणपणाची चाल. केवळ आपल्या लोकांचे गाऱ्हाणे घेऊन गेलात तर जग सहानुभूती दाखविते. सर्वांचे गाऱ्हाणे घेऊन गेलात तर कालांतराने बरोबर येते. १९५४ साली दक्षिण आफ्रिकेच्या आग्रहावरून हिंदुस्थानचे तेथील कार्यालयही बंद झाले. हिंदुस्थानने व्यापारबंदी मात्र उठविली नाही, आणि त्यात आपण वर्षानुवर्षे एकाकी होतो.

चित्र पालटले ते आफ्रिका खंडातील देश स्वतंत्र होऊ लागल्यावर. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ जण मारले गेले. १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला राष्ट्रकुल सोडावे लागले. ६ नोव्हेंबर १९६२ रोजी आमसभेने सदस्यांना संबंध तोडण्याचे, बंदरे बंद करण्याचे, मालावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले, ६७ विरुद्ध १६ मतांनी. सोळा वर्षांपूर्वी हिंदुस्थानने एकट्याने जे केले, तेच आता जगाला करायला सांगितले जात होते. पण ज्यांच्याशी दक्षिण आफ्रिकेचा खरा व्यापार होता, ते देश हलले नाहीत. शस्त्रबंदी सक्तीची व्हायला १९७७ साल उजाडले. मधल्या काळात, १९७४ साली, भारताच्या टेनिस संघाने डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचून दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचे नाकारले आणि चषक सोडून दिला. आमच्या घरी तेव्हा रेडिओ होता आणि टेनिस कशाशी खातात हे कोणाला माहीत नव्हते. तरी वडिलांनी ती बातमी दोनदा सांगितल्याचे मला अंधुक आठवते.

शेवटचा टप्पा मी थोडक्यात सांगतो, कारण तो वाचकांच्या स्मरणात आहे. १९८५ साली परदेशी बँकांनी दक्षिण आफ्रिकेच्या कर्जाची मुदत वाढविण्याचे नाकारले आणि त्या सरकारला परतफेड थांबविल्याचे जाहीर करावे लागले. त्याच वर्षी नसाउला आणि पुढच्या वर्षी लंडनला राष्ट्रकुलाच्या बैठकांत श्रीमती थॅचर एकीकडे आणि पंतप्रधान राजीव गांधींसह अन्य नेते दुसरीकडे, असा सामना झाला. राष्ट्रकुलाने पाठविलेल्या मान्यवरांच्या गटात आपले स्वर्णसिंग होते. १९८६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला. ११ फेब्रुवारी १९९० रोजी नेल्सन मंडेला सुटले. निव्वळ बहिष्काराने ते सुटले, असे म्हणणे म्हणजे तेथील जनतेने रस्त्यावर सांडलेल्या रक्ताचा अवमान होईल. पण बहिष्काराशिवाय ते तेव्हा सुटले असते, असेही म्हणता येत नाही.

आता पुन्हा खऱ्यांकडे. त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी अडखळते. व्हाइसरॉयच्या मंडळातून बाहेर पडल्यावर एप्रिल १९४७ मध्ये ते अलवर संस्थानचे प्रधानमंत्री झाले. त्याच वर्षी त्या संस्थानात मेव मुसलमानांची जी भीषण कत्तल आणि हकालपट्टी झाली, ती ते त्या पदावर असताना झाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पुढे ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले, १९५२ साली ग्वाल्हेरहून लोकसभेवर गेले. डर्बनच्या हिंदी माणसाला केवळ त्याच्या वर्णामुळे घर नाकारले जाते म्हणून ज्याने एका साम्राज्याला धारेवर धरले, त्याच्या कारकिर्दीत अलवरच्या मेवाला त्याच्या धर्मामुळे घर सोडून पळावे लागले. या दोन गोष्टींची बेरीज कशी करायची, हे मला उमगलेले नाही. खऱ्यांचे चाहते दुसरी गोष्ट गाळतात. त्यांचे विरोधक पहिली गाळतात. नागपुरात १९५९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र वाचले, तर मंत्रिमंडळाच्या प्रकरणातील जखम वीस वर्षांनंतरही भरलेली नव्हती, हे पानोपानी जाणवते.

अण्यांच्या वाट्याला अधिक शांत उत्तरायुष्य आले. ते बिहारचे राज्यपाल झाले, १९६२ साली नागपूरहून लोकसभेवर निवडून आले, आणि लोकमान्यांच्या चरित्रावर त्यांनी रचलेल्या संस्कृत महाकाव्याला मरणोत्तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रामराव देशमुख पुढे राज्यसभेत होते. या तिघांची नावे एका ओळीत घेणारा मजकूर माझ्या वाचनात फार थोडा आला. आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या कपाटांत त्या काळची वर्तमानपत्रे व मासिके बांधून ठेवलेली आहेत. कोणा तरुण अभ्यासकाने मनावर घेतल्यास पुष्कळ काही हाती लागेल.

दक्षिण आफ्रिकेशी आपले राजनैतिक संबंध नोव्हेंबर १९९३ मध्ये पुन्हा जुळले. एप्रिल १९९४ मध्ये तेथे सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. आखातातून परतलेल्या आमच्या त्या गृहस्थांच्या पारपत्राची मुदत पुढच्याच वर्षी संपली. नवे आले तेव्हा ते पुन्हा वाचनकक्षात घेऊन आले. जुने ग्रंथपाल तोवर निवृत्त झाले होते. पण रोज सकाळी वर्तमानपत्र वाचायला येऊन त्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यात बसत. त्यांनी पारपत्र हातात घेतले, चष्मा पुसला, आणि ती ओळ शोधीत एकेक पान उलटू लागले.